सगुणा, तुला प्रभुभोजन कोणी दिलं?

सगुणा,

परवा दीपकचा टोरांटोहून फोन आला. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. आधी त्यानं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग तुझ्या दफनाला कोण कोण आलं होतं ते विचारलं. आणि मग म्हणाला, "आई, मावशीला शेवटी प्रभुभोजन मिळालं ना गं?"

मी म्हटलं, "मिळालं."

"म्हणजे पंचांनी बंदी उठवली? पाळकसाहेबांनी दिलं?"

तेवढ्यात खरखर सुरू झाली आणि फोन तुटला. परत लागला नाही. लागला असता तरी मी काय सांगणार होते? फोन शेजारच्या सावंतांकडे, आणि त्यांचं सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत उभं. सात समुद्रांपलीकडे ओरडून सांगावी अशी ती गोष्ट नाही.

म्हणून लिहायला बसले. लिहिते तुला, पण वाचतील दीपकची मुलं, मोना आणि रोहन. मोनाला मराठी वाचायला तूच शिकवलंस. ती सावकाश का होईना वाचेल, आणि भावाला वाचून दाखवेल. तेव्हा सोपं लिहीन आणि क्रमानं लिहीन. तू हसशील, हे मला माहीत आहे. आईच्या मयताला तू माझ्या कानात म्हणाली होतीस, "ताई, तू रडतानासुद्धा समास सोडून रडतेस."

मुलांना ठाऊक नाही, म्हणून आधी मनुकांचं सांगते. मुलुंडच्या आपल्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. पावाचा एक लहानसा तुकडा आणि बोटभर पेल्यात द्राक्षांचा रस. दारू आपल्यात चालत नाही. म्हणून शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, मंद आचेवर उकळायच्या, फडक्यातून पिळायच्या. हे काम तुझं. म्युनिसिपल हॉस्पिटलातली तुझी नर्सची नोकरी चालू होती तेव्हाही तुझंच आणि निवृत्त झालीस तेव्हाही तुझंच. तुला ते कोणी नेमून दिलं होतं, हे आता कोणालाच आठवत नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी तू चर्चमध्ये जायचीस, पेले भरायचीस, पावाचे चौकोनी तुकडे ताटात लावायचीस, वरून पांढरं कापड टाकायचीस आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचीस. ताटं फिरवायची ती पुरुषांनी. कापडाखालचं सगळं बाईचं, कापडावरचं सगळं पुरुषांचं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. तुलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

पावाच्या कापलेल्या कडा तू घरी आणायचीस आणि रविवारी संध्याकाळी आपण दोघी त्या चहात बुडवून खायचो.

आता आजोबांचं. आपले आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात, गावकुसाबाहेर जन्मले. देवळाच्या पायरीवर त्यांची सावली पडली तर पायरी धुतली जायची. तरुणपणी एका झाडाखाली कोणा उपदेशकाकडून त्यांनी शास्त्रातलं, बायबलमधलं, ते वाक्य ऐकलं. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, विखुरलेल्या, उपऱ्या होऊन राहिलेल्या लोकांना लिहिलेलं. तुम्ही निवडलेले आहात, तुम्ही राजे आहात, तुम्ही याजक, देवाचे पुजारी आहात, अशा अर्थाचं. आजोबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "हे आमच्याबद्दलच आहे ना? दुसऱ्या कुणाचा निरोप चुकून आमच्याकडं नाही ना आला?"

तिथून आपल्या घरात ती पाटाची चाल पडली. ज्या मुलाचा वाढदिवस असेल त्याला पाटावर उभं करायचं. मग घरातल्या मोठ्यांनी, अगदी आजोबांनीही, त्याच्यापुढं मान खाली घालायची. मुलानं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "देव तुझं भलं करो." आजोबा म्हणायचे, वर्षातून एक दिवस तरी पोराला कळू दे, तो कोण आहे ते. तुझ्या चौथ्या वाढदिवशी सगळ्यांची डोकी संपली तरी तू पाटावरून उतरायला तयार नव्हतीस. आईनं दटावलं तेव्हा म्हणालीस, "अजून शेळी राहिली." आणि खरोखरच बाबांनी शेळी ओढत आणली.

मी इंग्रजी शाळेत शिकले, इंग्रजी शाळेत शिकवलं, माझ्या मुलाच्या वाढदिवसाला केक आणला. पाट आणायचीस ती तू. मोना कॅनडाला जायच्या आधीच्या वाढदिवशी तुझ्याच पाटावर उभी होती, आणि तू वाकलीस तेव्हा तिनं तुझ्या अंबाड्यावर हात ठेवून विचारलं होतं, "मावशीआजी, आता मी काय म्हणू?" मोनाला ते आठवत असेल.

मार्थाबाई भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत राहायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या पाठीच्या जखमा धुवायला तू आठवड्यातून दोनदा चढ चढून जायचीस. त्यांचं एकच मागणं, प्रभुभोजन मिळावं. पाळकसाहेबांकडे घाटकोपरपासून कल्याणपर्यंतच्या मंडळ्या. "या आठवड्यात येतो," म्हणायचे आणि राहून जायचं. असे किती महिने गेले. मग एका पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर तू पेले धुता धुता उरलेला रस औषधाच्या उकळून घेतलेल्या बाटलीत भरलास, पावाचा तुकडा इस्त्रीच्या रुमालात बांधलास, टेकडी चढलीस आणि मार्थाबाईंना प्रभुभोजन दिलंस.

लपवलं असतंस तर कोणाला कळलंही नसतं. पण मार्थाबाईंनीच येणाऱ्या-जाणाऱ्याला आनंदानं सांगितलं आणि तू कोणी विचारलं तर "हो, मीच दिलं," म्हणत राहिलीस.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी तुला बोलावलं. महिला मंडळाची चिटणीस म्हणून मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. बोलायचा हक्क नाही, फक्त ऐकायचा. पंचांचे प्रमुख शलमोनराव मध्ये बसले होते. रेल्वेत जन्म गेलेला माणूस, स्वभावानं वाईट नाही, पण सिग्नल पडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही ही सवय हाडात भिनलेली.

"सिस्टर, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"शास्त्रानं. नाताळच्या आधी तुम्हीच वाचलंत की. आपण सगळे राजे, सगळे याजक."

"ते आत्मिक अर्थानं आहे."

"मग प्रभुभोजन काय पोटाच्या अर्थानं असतं?"

कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. शलमोनराव लाल झाले. "उद्या जो तो रुमालात पाव बांधून फिरायला लागला तर मंडळीत राहील काय?"

"उपाशी कोणी राहणार नाही."

"सिस्टर, हा थट्टेचा विषय नाही."

"मी थट्टा नाही करत, शलमोनराव. उरलेला रस आपण बाहेरच्या जास्वंदीच्या मुळाशी ओततो. इतकी वर्षं मीच ओतते. जास्वंदीला चालतो आणि मार्थाबाईला चालत नाही, हे मला कोणीतरी समजावून सांगा."

मग तू आवाज खाली आणून जे बोललीस ते मला अजून टोचतं. "आपल्या आज्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही. आणि आपण काय केलं? आपण टेबलाभोवती नवी पायरी बांधली."

निकाल असा लागला की तू लेखी खेद व्यक्त करेपर्यंत तुला प्रभुभोजन नाही. तू मान हलवलीस, पर्स उचललीस, दारापर्यंत गेलीस आणि वळून विचारलंस, "पुढच्या महिन्याचा रस करायचा ना?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी शलमोनराव म्हणाले, "तो करा की. त्याला कोण नाही म्हणतंय?"

आणि तू केलास. मार्थाबाई त्यानंतर लवकरच गेल्या, पण तुझी बंदी राहिली. वर्षामागून वर्ष पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी तुझ्या घरी मनुका उकळत राहिल्या. रविवारी तू पेले भरायचीस आणि शेवटच्या बाकावर बसायचीस. ताट तुझ्या बाकाशी आलं की धरणाऱ्याचा हात अडखळायचा, मग ते तुझ्या डोक्यावरून पलीकडे जायचं. मी तीन बाकं पुढं असायचे. मागं वळून बघायचे नाही. पण ताट उचलल्यावर पेले एकमेकांवर किणकिणतात, तो आवाज यायचा.

आपलं भांडण मात्र तुझ्या स्वयंपाकघरात व्हायचं, कडा खाताना. मी म्हणायचे, दोन ओळी लिहून दे, प्रकरण मिटव. तू म्हणायचीस, कशाचा खेद लिहू, मजकूर तूच सांग, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मी चिडायचे. एकदा मी विचारलं, "बंदी आहे आणि तू त्याच पावाच्या कडा खातेस. हे तरी चालतं का?"

"कड पवित्र व्हायच्या आधीच कापलेली असते गं. नाहीतर शलमोनरावांना विचारून ये. तोवर मी खाते."

मी जे म्हणत होते ते आजही म्हणते, सगुणा. तू गेलीस म्हणून माझं मत मी बदललेलं नाही. आपल्यासारख्यांना वर आणलं ते शिस्तीनं. वेळेवर वाजणाऱ्या शाळेच्या घंटेनं, कोणी काय करायचं हे ठरलेलं असण्यानं. सगळेच याजक झाले तर ज्याचा आवाज मोठा तोच याजक होतो, आणि मग पुन्हा आपल्यासारख्यांनाच दाराबाहेर उभं राहावं लागतं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू कपातला चहा ढवळत राहिलीस. मग म्हणालीस, "ताई, शिस्तीनं आपल्याला नोकऱ्या दिल्या. पण आजोबांची मान सरळ केली ती त्या एका वाक्यानं. आणि राजा म्हणजे दुसऱ्यावर हुकूम चालवणारा नव्हे गं. कोणाला न भिता कोणाचेही पाय धुवू शकतो तो राजा."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण सावंतवहिनी दळण घेऊन दारात आल्या आणि ते राहून गेलं. नंतर ते उत्तर मला जसंच्या तसं कधी आठवलं नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांच्या आधी तुलाच कळलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटावर हात ठेवलेल्या तुला, स्वतःच्या पोटावर ठेवल्यावर काय कळायचं राहणार? गाठ पसरलेली होती. तू हॉस्पिटलात राहायला नकार दिलास. "तिथल्या पलंगांची मला पूर्ण माहिती आहे, ताई," म्हणालीस. तुझे दंड माझ्या मनगटाएवढे झाले. कूस बदलताना तू ओरडायची नाहीस, फक्त उशीचा अभ्रा दातांत धरायचीस. अभ्र्याला भोकं पडली. सावंतवहिनी पेज घेऊन यायच्या, "सिस्टर, वायच तरी घेवा," म्हणायच्या, आणि दोन चमच्यांनंतर तीच पेज मी भांड्यात झेलायचे. तुझ्या त्या दिवसांबद्दल मी मुलांना आणखी काही लिहिणार नाही.

पाळकसाहेब आले. दीपकपेक्षाही लहान, हळव्या मनाचे. बरोबर प्रभुभोजनाची ती छोटी काळी पेटी होती. पलंगाशी बसून म्हणाले, "सिस्टर, लिहायचंही नको. झाल्या गोष्टीचा खेद वाटतो, एवढं तोंडी म्हणा. मी लगेच पेटी उघडतो."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, म्हणशील. माझे हात मी मांडीत घट्ट धरून ठेवले होते. मला फार हवं होतं, सगुणा, की तू म्हणावंस.

"वाटतो ना खेद," तू म्हणालीस. "मार्थाबाईला इतके महिने थांबावं लागलं, त्याचा."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "हे मला पंचांना सांगता येणार नाही, सिस्टर."

"मग राहू द्या. चहा घेणार?"

त्यांनी चहा घेतला नाही. त्यांनी प्रार्थना केली, चांगली केली, आणि पेटी न उघडता ते गेले. जिन्यात त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले.

मी आत येऊन तुझ्यावर ओरडले. मरणाऱ्या माणसावर ओरडू नये. "तू चाललीस आणि अजून वाद जिंकायचा आहे तुला?"

"जिंकायचं नाही गं. त्या टेबलाशी खोटं बोलून जायचं नाही." मग तुला धाप लागली. ती बसल्यावर तू म्हणालीस, "ताई, तू दे."

"मी? मी कोण देणारी?"

"याजक."

"मी नाही याजक. मला ते पटत नाही, तुला माहीत आहे."

"मग बहीण म्हणून दे. त्याला काय नाव द्यायचं ते देव बघेल."

दुपार होती. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. मी तुझ्या स्वयंपाकघरात गेले आणि मनुकांचा डबा काढला. इतकी वर्षं तुला बघत आले, पण स्वतः कधी केला नव्हता. तू पलंगावरून विचारत राहिलीस, भिजल्या का, रंग आला का. चमच्यात घेऊन दाखवला तर म्हणालीस, "पाणी फार घातलंस. चालेल." पावाची एक चकती घेतली, कडा कापल्या. औषधांचं स्टूल रिकामं करून त्यावर स्वच्छ रुमाल घातला.

प्रभुभोजन देतानाचे शब्द मला सगळे पाठ होते. लहानपणापासून ऐकत आलेले. पण तोंडातून निघेनात. बाईच्या आवाजात ते मी कधी ऐकले नव्हते, आणि आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो हा अनुभव मला शाळेत पहिल्या दिवशी वर्गापुढं उभी राहिले त्यानंतर आला नव्हता. तू म्हणालीस, "हजेरी घेतेस तसं म्हण. पण म्हण."

मी म्हटलं. हजेरी घेतल्यासारखंच म्हटलं. पावाचा कण रसात भिजवून तुझ्या जिभेवर ठेवला. तुला गिळता येईना. रस ओठांच्या कडेनं खाली आला, तो मी पदरानं टिपला. पण कण आत राहिला. तू तोंड मिटून घेतलंस आणि बराच वेळ तसंच ठेवलंस.

मग तू बोटानं मला जवळ बोलावलंस. मी वाकले. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. त्या हाताला वजनच नव्हतं. वाढदिवस तुझा नव्हता, माझाही नव्हता. तू म्हणालीस, "देव तुझं भलं करो, ताई." आणि मी उठणार तेवढ्यात, अगदी बारीक आवाजात, "अजून शेळी राहिली."

त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. त्याच आठवड्यात गेलीस.

तुझी शवपेटी कबरस्तानात नेताना शलमोनराव पुढच्या बाजूला होते. त्यांचं वय झालंय, लोक "खांदा बदला" म्हणत होते, त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं त्यांच्याबद्दल जे लिहायचं आहे ते वाचताना मुलांनी हे लक्षात ठेवावं.

मग पहिला रविवार आला. चर्चच्या माळ्यानं नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी ताटं आणि पेले टेबलावर मांडून ठेवले होते, वर पांढरं कापड. प्रवचन झालं, गायन झालं. पाळकसाहेब टेबलामागं उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कापड उचललं.

पेले रिकामे होते. घासून पुसून ठेवलेले, लख्ख, रिकामे. ताटात पावाचा कण नव्हता.

कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी शनिवारी तुझ्या साड्यांच्या घड्या घालत बसले होते. इतक्या वर्षांत रस आपोआप येतो असंच सगळ्यांना वाटायला लागलं होतं. पाळकसाहेब कापड हातात धरून उभे राहिले. बाकांवरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. शलमोनराव उठून अर्धे उभे राहिले आणि परत बसले. शेवटी पाळकसाहेबांनी कापड परत टाकलं, आशीर्वाद दिला, आणि म्हणाले, "प्रभुभोजन पुढच्या महिन्यात."

लोक बाहेर पडले. त्या दिवशी सगळी मंडळी तुझ्या बाकावर बसली होती, सगुणा. मला त्याचं समाधान वाटलं असं समजू नकोस. मला थंडी वाजली.

काल शलमोनराव घरी आले. चहा घेतला, खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. मग म्हणाले, "ताई, आता तो रस तुम्हीच करा."

मी म्हटलं, "करीन. आधी सगुणाची बंदी उठवा."

"अहो, गेलेल्या माणसाची बंदी कशी उठवणार?"

"मग रसही गेलेल्या माणसाकडेच मागा."

त्यांनी कप खाली ठेवला आणि उठले. जिना उतरताना कठड्याला धरून थांबले, वर बघितलं, मग उतरून गेले. पुढचा पहिला रविवार येतोय. तुझ्या डब्यात मनुका अजून आहेत. मी त्या टाकल्याही नाहीत आणि भिजतही घातलेल्या नाहीत.

आता दीपकच्या प्रश्नाचं उत्तर. मोना, हे बाबाला मोठ्यानं वाचून दाखव. मावशीआजीला प्रभुभोजन मिळालं. मी दिलं. ते बरोबर होतं की चूक, हे मला विचारू नका. त्यावर तिचं आणि माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि या वेळी बोलायची पाळी माझी आहे.